विंगेतून ऐकलेली बाई

मी प्रॉम्प्टर आहे. हे सांगितलं की लोक आधी 'अच्छा' म्हणतात आणि मग विषय बदलतात. नाटकात काम करणाऱ्याचं कौतुक होतं, लिहिणाऱ्याला शाल मिळते, चहा आणणाऱ्याचंही आभारप्रदर्शनात नाव येतं. प्रॉम्प्टरने काम चोख केलं तर ती तिथे होती हेच कुणाला कळत नाही. चंदीगडच्या आमच्या मराठी मंडळात मी कित्येक वर्षं विंगेतल्या स्टुलावर बसून दुसऱ्यांची वाक्यं पुटपुटत आले. सांगलीला आई म्हणायची, या पोरीला गप्प बसायला जो शिकवेल त्याला मी सोन्याचं कडं करीन. नाटकाने शिकवलं. कडं कुणालाच मिळालं नाही.

पोटासाठी मी एका केंद्रीय कार्यालयात अनुवादक आहे. दिवसभर इंग्रजी परिपत्रकांचं हिंदी करायचं. तिथे एक गोष्ट अंगवळणी पडते. परिपत्रकातला माणूस चिडलेला असला तरी हिंदीत येईपर्यंत तो शांत होतो, कारण आमच्याकडे ठरलेले गुळगुळीत शब्द आहेत आणि त्यांत चिडता येत नाही. म्हणून संध्याकाळी तालमीला जायला मला आवडायचं. तिथे निदान कुणीतरी मराठीत भांडायचं.

मंडळ म्हणजे काय, तर बदल्यांवर आलेली आम्ही माणसं. कुणी बँकेतलं, कुणी विमा कंपनीतलं, कुणी संरक्षण खात्याच्या हिशेबातलं. अलीकडे मोहालीच्या आयटी कंपन्यांतली पोरंपोरी आणि नॉलेज सिटीतले संशोधक विद्यार्थी. सगळ्यांची मराठी वेगळी. मुलांना आपण मराठीत हाक मारायची आणि त्यांनी 'आ रहा हूँ' म्हणायचं. वर्षातून दहा दिवस गणपती, आणि त्या दहा दिवसांत एका संध्याकाळी भाड्याच्या हॉलमध्ये एक नाटक. ते नाटक सर लिहायचे.

सर म्हणजे सेक्टर एकोणचाळीसच्या संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ. मातीतल्या जिवाणूंवर त्यांचं काम. बोलायला मऊ, चालायला मऊ, भाजीवाल्याशी घासाघीस करायची वेळ आली की चपलेचा अंगठा बघत उभे राहणारे. या माणसाच्या नाटकांत इतकी तिखट वाक्यं कुठून येतात, असं नवे लोक विचारायचे. जुन्यांना ठाऊक होतं. ती काकूंची, म्हणजे सरांच्या बायकोची, असत.

काकू अकोल्याकडच्या. चंदीगडात पाव शतकाहून जास्त काढलं, पण वऱ्हाडी बोली तसूभरही सरकली नाही. शेजारच्या पंजाबी आंटीशीही त्या वऱ्हाडीतच बोलायच्या आणि आंटीला सगळं कळायचं. देवाशी तर त्यांचं रोजचं भांडण. आपल्याकडे देवाला अरेतुरे करतात, विठ्ठलालाही सोडत नाहीत, पण काकूंची तऱ्हाच और. आरती झाली की कमरेवर हात ठेवून गणपतीला जाब विचारायच्या. गॅस संपला तर त्याला बोल, सून फोन करत नाही तर त्याला बोल. "आपल्या मानसाले नाई बोलाव त कोनाले बोलाव?" असं त्यांचं म्हणणं. मला त्या 'काय वं' अशी हाक मारायच्या आणि त्या दोन शब्दांत मी घरी पोहोचायचे.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्या गेल्या. त्यांचा आवाज कुठेच उरला नाही. कुणी मोबाइल वर केला की त्या हाताने तो झाकायच्या, त्यामुळे व्हिडिओ आहेत ते नुसता तळहात दाखवून लगेच संपतात. आवाजाचे काही मेसेज सरांच्या फोनमध्ये होते, ते फोन बदलताना गेले. मोहालीच्या पोरांनी खटपट केली, पण काही परत आलं नाही.

त्यानंतर सरांनी एक वर्ष काही लिहिलं नाही. दुसऱ्या वर्षी लिहिलं. पहिल्या वाचनाला त्यांच्या क्वार्टरच्या हॉलमध्ये आम्ही सतरंजीवर बसलो होतो. पंखा गरम हवा फिरवत होता. सर चष्मा पुसत म्हणाले, "वाक्यं तिचीच आहेत. मी फक्त एकापुढे एक लावली. एकदा भरल्या हॉलमध्ये ऐकावीशी वाटतात." मग रिटायर होऊन क्वार्टर सोडायचं असल्याने हे शेवटचंच नाटक, असंही म्हणाले. एवढीच त्यांची मागणी होती. शाल नको, हार नको, बायको एकदा बोलताना ऐकायची.

नाटक साधं. एक म्हातारा सरकारी क्वार्टरमध्ये एकटा राहतो. गणपती बसायच्या आदल्या दिवशी त्याची मेलेली बायको स्वयंपाकघरात येते, कारण नैवेद्याचं याला काही जमणार नाही याची तिला खात्री असते. दहा दिवस राहते. कामं करता करता आयुष्यभराचं साठलेलं बोलते आणि विसर्जनाबरोबर जाते. म्हाताऱ्याच्या भूमिकेत माझा नवरा. त्याला मेकअपची गरज नाही, असं सगळ्यांनी एकमताने ठरवलं. बायकोच्या भूमिकेत मोहालीच्या एका कंपनीतली पुण्याची मुलगी. तिने सरांकडे संध्याकाळी बसून वऱ्हाडी शिकून घेतली, अगदी जीव लावून. पहिल्यांदा तिने 'काय वं' म्हटलं तेव्हा सर उठून आत पाणी प्यायला गेले.

माझ्या हातात संहिता होती, पण मला ती बघावी लागत नव्हती. काकूंची वाक्यं मला आपोआप यायची. तालमीत त्या मुलीच्या आधी माझ्या ओठांवर ती यायची आणि मला वाटायचं, आपण तिला वाक्य देत नाही आहोत, कुणीतरी आपल्याला देतंय. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण विंगेत माझ्या स्टुलामागे कुणीतरी कमरेवर हात ठेवून उभं आहे, असं मला त्या ऑगस्टमध्ये अनेकदा वाटलं आणि मी एकदाही वळून बघितलं नाही.

एका तालमीचा तुकडा कुणीतरी चित्रित करून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. कौतुकानेच टाकला. त्यात बायको गणपतीसमोर बसून म्हणते, "तुयं बरं हाये बाप्पा. दहा दिवस बसाचं, खाचं, अन् वाजतगाजत आपल्या घरी जाचं. मले कोन पोचवून देते माह्या घरी?"

या वाक्याला पहिल्या वाचनात सगळ्या बायका हसल्या होत्या आणि मग एकदम गप्प झाल्या होत्या. ग्रुपवर मात्र कुणीतरी लिहिलं, देवाची ही थट्टा कशासाठी? दुसऱ्याने लिहिलं, दुसऱ्या धर्माबद्दल असं लिहायची हिंमत आहे का? मग हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. कुणीतरी तो तुकडा हिंदी भाषांतर जोडून मंडळाबाहेर पाठवला. ते भाषांतर मी वाचलं. मी रोज वाईट भाषांतरं बघते, कधीकधी करतेही, पण हे त्यातलं नव्हतं. शब्द सगळे बरोबर होते. फक्त त्यातली बाई निघून गेली होती आणि एक उद्धट आवाज उरला होता.

चार दिवसांनी शहरातल्या कुठल्याशा संघटनेचे दोन तरुण तालमीच्या वेळी आले. आल्याआल्या सरांच्या पाया पडले. मी तेव्हाच ओळखलं, हे कठीण आहे, कारण भांडायला आलेला माणूस पाया पडत नाही, आणि जो पडतो त्याच्याशी भांडता येत नाही.

"अंकल जी, हम तो आपके बच्चे हैं," त्यांतला एक म्हणाला. "आप साइंटिस्ट हैं, बड़े आदमी हैं. बस वो एक डायलॉग. हॉल का माहौल बिगड़े, ये तो हम भी नहीं चाहते."

सर म्हणाले, "बेटा, वो मेरी पत्नी ऐसे ही बोलती थी. भगवान से."

"जी, घर में बोलती होंगी. घर की बात घर में."

मी मध्ये पडले. म्हटलं, "आपने माँ को कभी भगवान से लड़ते नहीं सुना?" तो हसला. खरंच छान हसला. म्हणाला, "रोज़ सुनता हूँ, आंटी जी. पर उसका वीडियो नहीं बनाते."

गेल्यावर मंडळाचे सेक्रेटरी, विमा कंपनीतले, घाम पुसत म्हणाले की हॉलवाल्याचाही फोन येऊन गेलाय. एका वाक्यासाठी एवढं कशाला? सरांनी वाक्य काढलं. पेन्सिलने रेघ मारली, हलकीच, जणू पुढे कधीतरी खोडरबराने पुसता यावी म्हणून. मीही माझ्या प्रतीत मारली. घरी जाताना गोल चौकात स्कूटर थांबली तेव्हा नवरा म्हणाला, "जाऊ दे, एकच वाक्य गेलं."  माझ्या तोंडात ते वाक्य घोळत होतं आणि ते बाहेर पडायला आता जागा नव्हती.

दुसरी हरकत दुसऱ्या बाजूने आली. तिथे मात्र मला नुसतं चिडून भागलं नाही.

नाटकात एक प्रसंग होता. बायको म्हणते, भांडी घासायला येते ती बाई माझ्या देवाच्या भांड्यांना हात लावते तर मला घिन येते. हे काकू म्हणायच्या. खरंच म्हणायच्या, आणि मी त्यांना त्यावरून बोललेही होते. पुढच्या प्रसंगात, जुन्या आठवणीत, त्याच बाईला टायफॉइड होतो आणि बायको तिच्या वस्तीत जाऊन तिचं डोकं मांडीवर घेऊन तिला पेज भरवते, येताना म्हणते, "म्या जे बोलली ना, थे माह्या तोंडाले लागलं हाये, धुतल्यानं जाऊन नाई राह्यलं." हेही घडलेलं होतं.

नॉलेज सिटीतली एक मराठवाड्यातली मुलगी, डॉक्टरेट करणारी, आमच्याकडे प्रकाशयोजना बघायची. ती तालीम संपल्यावर सरांजवळ आली. म्हणाली, "सर, माझी आई चार घरची भांडी घासते. काढा असं मी म्हणत नाही. पण हे वाक्य आलं की मी लाइटचं बटण धरून उभी असते आणि माझा हात थंड पडतो. ते तुम्हाला माहीत असावं."

सरांनी संहिता मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "माहीत नव्हतं. बरं केलंस." दोघं बाहेर पायरीवर बसून कितीतरी वेळ बोलले. असंच व्हायला पाहिजे होतं, इथपर्यंत सगळं बरोबर होतं. तिचं म्हणणं मला पटलं होतं, अजून पटतं.

पण तिने वसतिगृहात कुणाला तरी सांगितलं, त्याने आणखी कुणाला, आणि दोन दिवसांत समाजमाध्यमांवर एक मजकूर फिरू लागला. नाटक जातीय आहे. ग्रामीण बोलीची टिंगल आहे. पुण्याची गोरी मुलगी वऱ्हाडी बोलून टाळ्या घेणार आहे. नवऱ्याने बायकोच्या दुःखावर नाटक रचून स्वतःचं मोठेपण मिरवणं हीही एक हिंसाच आहे. यांतल्या एकाही माणसाने नाटक ऐकलं नव्हतं. पहिली हरकत घेणाऱ्यांनीही नव्हतं. तेवढं साम्य सोडलं तर दोघं एकमेकांचं तोंड बघणार नाहीत.

पुण्याच्या मुलीच्या ऑफिसात कुणीतरी तिला तो मजकूर दाखवून विचारलं, "ये तू ही है?" ती तालमीला आली तेव्हा डोळे सुजलेले होते. "सर, मी साध्या मराठीत बोलू का?" एवढंच विचारलं. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या संध्याकाळी बसून आम्ही काकूंची सगळी वाक्यं प्रमाण भाषेत केली. करायला मीच होते, माझा तो धंदाच. 'कायले' चं 'कशाला' झालं, 'काऊन' चं 'का' झालं. एकही अर्थ चुकला नाही. शेवटी वाचून दाखवलं तेव्हा काकू पुण्यातल्या एखाद्या बँकेच्या खिडकीतून बोलतायत असं वाटलं.

घिन येण्याचं वाक्य गेलं. ते गेल्यावर टायफॉइडचा प्रसंगही गेला, कारण जी वाईट बोललीच नाही तिला पश्चात्ताप कसला व्हायचा? लाइटवाली मुलगी मला बाहेर गाठून म्हणाली, "मॅडम, मी काढा म्हटलं नव्हतं हो. मला पेज भरवायचा प्रसंग बघायचा होता."  मी म्हटलं, "तुझा काही दोष नाही." आणि घरी येऊन कुकरची शिट्टी उगाच जोरात काढून ठेवली.

एक वाक्य असं होतं की त्यावर दोन्हीकडची हरकत होती. विसर्जनाच्या आदल्या रात्री बायको नवऱ्याला विचारते, "माह्या हातचं सारं खाल्लं तुमी जनमभर. मी जेवली का, हे कधी इचारलं?" आणि नवरा म्हणतो, "नाही विचारलं. खरंच नाही विचारलं." सेक्रेटरींचं म्हणणं पडलं की सणासुदीला कुटुंबव्यवस्थेवर असा आघात बरा दिसत नाही. इंटरनेटवाल्यांचं म्हणणं, पुरुषाला एका वाक्यात माफी मिळते, हे फार स्वस्त आहे. सरांसाठी इकडे आड, तिकडे विहीर. दोन्ही वाक्यं गेली.

नंतर मला जास्त भीती वाटायला लागली ती सरांची. आता कुणी काही म्हणत नव्हतं, तरी ते रोज तालमीला एखादी नवी रेघ मारून यायचे. बायको डॉक्टरांना काहीतरी खोचक बोलते, ते गेलं. शेजारच्या पंजाबी बाईच्या पराठ्यांवर विनोद करते, तो गेला. सुनेबद्दलचं गेलं. मी विचारलं, "सर, याला कोण हरकत घेणार?"

"घेईल कुणीतरी, वहिनी."

"पराठ्यांवर तर आंटी स्वतः हसायच्या."

"त्या हसतील. पण दुसरं कुणीतरी असेलच की." आणि पेन्सिलला टोक करायला लागले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. इथे ताक कधीच संपलं होतं आणि सर रिकाम्या भांड्यावर फुंकर घालत होते. मी त्यांच्यावर चिडले. मग रात्री जेवताना मला रडू आलं, आणि नवऱ्याने विचारलं तर मी म्हटलं, भाजी तिखट झाली.

नाटक झालं. इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमधून स्वयंपाकघराचा दरवाजा करून आणला होता, त्याला फिका निळा रंग. हॉल भरला होता. पहिल्या रांगेत सेक्रेटरींनी बोलावलेली मंडळी होती, ते दोन तरुणही होते, झब्बे घालून. मागे मोहालीची पोरं. मी विंगेत स्टुलावर. सर माझ्या शेजारी उभे, हात पाठीमागे.

आम्ही वाक्यं काढली होती, पण ती काढताना एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती. ज्यांनी महिनाभर एखाद्या वाक्याशेजारी उभं राहून तालीम केली, त्यांच्या अंगातून ते जात नाही. वाक्य गेलं, तरी त्याच्यासाठीचं थांबणं राहतं. पुण्याची मुलगी गणपतीसमोर बसली आणि जिथे ते वाक्य होतं तिथे नुसती बघत राहिली. मग उठली. माझ्या ओठांवर आख्खं वाक्य आलं होतं. मी हाताने तोंड दाबून धरलं.

असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. ती बाई यायची, उभी राहायची, तोंड उघडल्यासारखं करायची आणि पदर खोचून भांडी लावायला लागायची. संहितेतलं भूत फार बोलकं होतं. रंगमंचावर खरंच भूत आलं होतं, ज्याला बोलता येत नाही असं.

मग विसर्जनाच्या आदल्या रात्रीचा प्रसंग आला. दोघं जमिनीवर समोरासमोर बसली होती. तिने ताट पुढे सरकवलं. तिथे तिचा प्रश्न होता, जो नव्हता. ती थांबली. नवरा थांबला. माझा नवरा, ज्याला घरात वर्तमानपत्र कुठे ठेवलं ते आठवत नाही, तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "नाही विचारलं. खरंच नाही विचारलं."

कुणीच काही विचारलेलं नव्हतं.  मुलगी चांगली नटी, तिने मान खाली घातली आणि ताट उचललं. मी सरांकडे बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. काकूंचा प्रश्न त्यांनी त्या क्षणी आवाज न करता म्हटला होता, हे मी शपथेवर सांगेन. मग दिवे मंद झाले.

नंतर विंगेत नवरा घाबराघुबरा होऊन म्हणाला, "सर, माफ करा, तोंडातून गेलं. मला ती बोलल्यासारखी ऐकू आली." कोण ती, हे मी त्याला आजवर विचारलेलं नाही.

आम्हाला वाटलं, आता बोलणी बसणार. झालं उलटंच. लोक सरांभोवती गोळा झाले. सेक्रेटरी म्हणाले, काय संयम आहे, कुठेही आक्रस्ताळेपणा नाही. मोहालीचा एक दाढीवाला मुलगा म्हणाला, सर, तुम्ही तिला मौन दिलंत, ही केवढी मोठी राजकीय कृती आहे. त्या दोन तरुणांनी पुन्हा पाय धरले. "बहुत सुंदर, अंकल जी. समझ तो नहीं आया, पर आँख में पानी आ गया." मला वाटलं सर आता तरी काही बोलतील. म्हणतील की हे मौन नाही, ही माझी बायको होती आणि तिला गप्प बसता येत नव्हतं. सरांनी सगळ्यांना हात जोडले. "तुम्हाला पोचलं, भरून पावलो," असं म्हणाले. मी बारकाईने पाहिलं. ते औपचारिक बोलत नव्हते. त्यांना खरंच बरं वाटलं होतं.

पुढे सर रिटायर झाले, क्वार्टर सोडलं, पण अकोल्याला गेले नाहीत. आमच्याच सेक्टरमध्ये वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. जानेवारीत इथे आठवडाआठवडा धुकं असतं आणि ज्या दुपारी ऊन पडतं त्या दुपारी सगळं शहर गच्चीवर येऊन बसतं. अशाच एका रविवारी मी त्यांच्या गच्चीवर शेंगदाण्याचे लाडू घेऊन गेले. सर चटईवर बसून किन्नू, म्हणजे इकडची संत्री, सोलत होते. समोर खालच्या मजल्यावरची नवी भाडेकरू, एक तरुण पंजाबी बाई बसली होती, आणि सर तिला काकूंविषयी सांगत होते. सांगताना चेहरा अगदी उजळला होता.

गोष्ट हॉस्पिटलातल्या एका दिवसापर्यंत आली होती. तो दिवस मला माहीत होता, मी डबा घेऊन तिथेच उभी होते. तपासणीसाठी काकूंना व्हीलचेअरवर कितीतरी वेळ रांगेत ठेवलं होतं. शेजारच्या पेशंटची म्हातारी आई त्यांना धीर देत म्हणाली होती, सब ईश्वर की मर्ज़ी है, बहन जी. त्यावर काकूंनी, त्या अवस्थेत, नाकात नळी असताना, सरांकडे तोंड करून म्हटलं होतं, "त्याची मर्जी असन त त्याले म्हना, माह्या मांगं लाइनीत उभा राह्य. मंग पाहू कोनाची मर्जी टिकते." आम्ही दोघं त्या रांगेत तोंड दाबून हसलो होतो आणि मग दोघंही रडलो होतो. म्हातारीला काही कळलं नव्हतं. ती आपली आमच्याबरोबर डोळे पुसत होती.

सर त्या पंजाबी बाईला सांगत होते, "तो इन्होंने हाथ जोड़े, और बोलीं, हाँ बहन जी, जैसी प्रभु की इच्छा."

ती बाई 'वाहेगुरु' म्हणाली. तिचे डोळे भरून आले. मग खालून तिला कुणीतरी हाक मारली आणि ती गेली.

मला वाटलं, परक्या बाईपुढे सरांनी मुद्दाम मऊ केलं असेल. म्हटलं, "सर, तिला खरं का नाही सांगितलंत? पंजाबी बायकांना आवडतं असलं."

"खरंच सांगितलं."

"काकू असं कुठे म्हणाल्या? मी तिथे होते." आणि मी ते वाक्य म्हटलं. विंगेतून म्हणते तसं, हळू, पण पूर्ण, वऱ्हाडीत, एकही शब्द न गाळता. 

सर सोललेला किन्नू हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या चेहऱ्यावर हसू शोधत होते, रांगेतलं, तोंड दाबून आलेलं. चेहरा स्वच्छ होता. ते आठवायचा खरोखर प्रयत्न करत होते आणि तिथे काही नव्हतं.

"नाही हो, वहिनी," ते मऊपणे म्हणाले. "तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. ती असं बोलणारी नव्हती. अहो, किती लागलं असतं त्या म्हातारीला."

त्यांनी किन्नूच्या दोन फोडी माझ्या हातावर ठेवल्या. बी काढून खा म्हणाले. ते वाक्य ऐकून कळलेली माणसं जगात दोनच होती. त्या दुपारपासून मी एकटी आहे.